माल्टा: गाडी भाड्याने न घेता, बसने बेट कसं फिरायचं?

मनवा_ठाणे

माल्टाला जाणार म्हटलं की पहिला सल्ला हमखास मिळतो: 'गाडी भाड्याने घ्या, तिथे रहदारी आपल्यासारखीच डावीकडून असते.' रहदारी डावीकडून असते हे खरं आहे. १९६४ पर्यंत तिथे ब्रिटिशांचं राज्य होतं, त्यांनी ठेवलेली ती सवय. पण गाडीबद्दल माझं मत अगदी उलट आहे. सगळी बेटं धरून हा देश ३१६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मा. तेवढ्यात चार लाखांहून जास्त वाहनं. जुन्या गावांतल्या गल्ल्या अरुंद, आणि पार्किंग शोधण्यात सुट्टीचे तास जातात. बस मात्र जवळपास प्रत्येक गावात पोचते. सुट्टीला गेलेल्या कुटुंबाने ती बिनधास्त वापरावी, म्हणून हा धागा.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते: हॉटेल बसच्या नकाशावरून निवडा. बहुतेक जण समुद्र दिसतो म्हणून सेंट ज्युलियन्स किंवा बुजिब्बाला खोली घेतात आणि मग रोज सकाळी गर्दीच्या रस्त्यावरून तासभर उभं राहून राजधानी वालेट्टाला येतात. माल्टातले बहुतेक मार्ग वालेट्टाच्या वेशीबाहेरच्या बसतळावरून सुटतात. ट्रायटनचं कारंजं आहे ना, त्याच्याभोवतीच हा तळ आहे. तुम्ही वालेट्टात किंवा अगदी लागून असलेल्या फ्लोरियानात राहिलात, तर बस जिथून सुटते तिथेच चढता, बसायला जागा मिळते आणि परतीची कोणतीही बस तुम्हाला घरीच आणून सोडते. या एका निर्णयाने निम्मी दगदग वाचते.

फ्लोरियानात खोल्या कमी आणि स्लिमाला भरपूर, हेही मान्य. स्लिमा चालेल, कारण तिथून वालेट्टाला छोटी फेरीबोट आहे, दहा मिनिटांच्या आत पलीकडे. रस्ता तुंबलेला असताना ती बोट फार उपयोगी.

तिकिटाचं: उन्हाळ्यात (जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत) २.५० युरो, एरवी २ युरो, रात्रीच्या बसला ३ युरो. दिवसाच्या बसचं एक तिकीट दोन तास चालतं, तेवढ्यात बस बदलली तर पुन्हा पैसे नाहीत. दरवाजाशी यंत्रावर बँकेचं कार्ड टेकवता येतं. प्रत्येकाने आपापलं कार्ड वापरावं, हिशेब सोपा राहतो. रोख देणार असाल तर सुटे ठेवा, मोठी नोट चालकापुढे धरू नका.

अनुभव, प्रश्न, मतभेद सगळं येऊ द्या.

रानवाटा

मस्त धागा, वाचनखूण साठवली आहे. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत जायचं म्हणतोय, दोघं आणि दहावीतली मुलगी. दोन प्रश्न. विमानतळावरून बॅगा घेऊन बसने जाता येतं का? आणि बसचं सात दिवसांचं कार्ड मिळतं ते घ्यावं की सुटी तिकिटं?

मनवा_ठाणे

@रानवाटा, बॅगा घेऊन जाता येतं. विमानतळाच्या मार्गांना 'एक्स' लावलेला असतो. एक्स ४ वालेट्टाला, एक्स १ थेट उत्तर टोकाला चिर्केव्वाला, जिथून गोझो या शेजारच्या बेटाची बोट सुटते. एक्स २ स्लिमा-सेंट ज्युलियन्सकडे आणि एक्स ३ रबातमार्गे बुजिब्बाला. निघायच्या आधी मार्ग एकदा बससेवेच्या ॲपवर पडताळा, क्रमांकांत अधूनमधून बदल होतात.

कार्डाचं गणित सोपं आहे. सात दिवसांचं 'एक्स्प्लोर' कार्ड साधारण २५ युरोंना मिळतं. उन्हाळी दराने दहा तिकिटं झाली की पैसे वसूल, हिवाळी दराने तेरा. सहा-सात दिवस फिरणार असाल आणि रोज किमान दोनदा बसमध्ये चढणार असाल तर घ्याच. फायदा पैशांपेक्षा मनाला जास्त आहे. 'दोन थांब्यांसाठी कशाला तिकीट काढायचं' असा विचार येत नाही, ऊन लागलं की समोरच्या बसमध्ये चढता येतं. विमानतळावर आणि वालेट्टाच्या तळावर मिळतं. तीन-चार दिवसच असतील तर सुटी तिकिटं बरी.

दिवाळीचा काळ उत्तम निवडलात. समुद्र अजून कोमट असतो आणि जुलै-ऑगस्टची होरपळ गेलेली असते.

वालेट्टाची_सिस्टर

नमस्कार. मी इथे रुग्णालयात नोकरी करते आणि रोज बसनेच जाते-येते, म्हणून रहिवाशांच्या बाजूने थोडं लिहिते.

ऑक्टोबर २०२२ पासून इथल्या रहिवाशांना नावाचं 'तालिन्या' कार्ड असेल तर बसप्रवास फुकट आहे. विद्यार्थी, कामगार, आजी-आजोबा सगळे बसमध्ये. त्यामुळे सकाळी सात ते नऊ आणि दुपारी साडेतीन ते सहा या वेळात बसेस खच्चून भरतात. भरलेली बस मधल्या थांब्यावर थांबत नाही, कपाळावरच्या पाटीवर तसं लिहिलेलं येतं आणि ती निघून जाते. पर्यटकांना वाटतं चालक मुद्दाम टाळतोय. तसं नसतं. आत माणूस मावत नसतो आणि उभ्या प्रवाशांच्या संख्येला मर्यादा असते.

माझी कळकळीची विनंती अशी की सकाळचा नाष्टा निवांत करा आणि साडेनऊनंतर बाहेर पडा. तुम्हाला जागा मिळेल आणि पाळीवर निघालेल्या माणसाची बस चुकणार नाही.

दुसरं, थांब्यावर नुसतं उभं राहून चालत नाही. बस दिसली की हात दाखवायचा, स्पष्ट. एकाच थांब्यावर दहा मार्गांच्या बसेस येतात, तुम्हाला कोणती हवी हे चालकाला कसं कळणार? उतरायच्या आधीच्या थांब्यानंतर लाल बटण दाबायचं. पुढचा थांबा आतल्या पडद्यावर दिसतो.

चालकांमध्ये आता भारतीयही बरेच आहेत. चढताना हसून नमस्कार केलात तर त्यांना फार बरं वाटतं.

जुनी_एसटी_फॅन

बसचा विषय निघालाय तर माल्टाच्या जुन्या बसेसबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

३ जुलै २०११ पर्यंत माल्टात पिवळ्या, गोलसर तोंडाच्या बसेस धावत होत्या. त्या कुठल्या एका कंपनीच्या नव्हत्या, बहुतेक चालकांच्या स्वतःच्या मालकीच्या होत्या. सांगाडा ब्रिटिश बनावटीचा, त्यावर बॉडी इथल्याच कारखान्यात हाताने बांधलेली. आत चालकाच्या डोक्याशी येशू-मरियमची तसबीर, बाहेर क्रोमचं काम, रंगवलेली अक्षरं. पोरांना वाढवावं तशा जपलेल्या असायच्या. आधी प्रत्येक मार्गाचा वेगळा रंग होता, १९७५ मध्ये सगळ्या हिरव्या झाल्या, १९९५ मध्ये पिवळ्या. गोझोवर मात्र करडा आणि लाल.

मग २०११ मध्ये सगळं एका रात्रीत बदललं. अराइव्हा ही कंपनी आली, लंडनमध्ये वापरून झालेल्या लांबलचक जोडबसेस आणल्या. इथल्या वळणांवर त्या मावेनात. ऑगस्ट २०१३ मध्ये काही जोडबसना आगी लागल्यावर त्या रस्त्यावरून काढून घेतल्या आणि २०१४ उजाडताना कंपनीच गेली. मधला काळ सरकारने सांभाळला, २०१५ पासून स्पेनमधल्या एका बसकंपनीकडे काम आहे.

आणखी मागे गेलं तर इथे रेल्वेही होती! वालेट्टा ते इमदिना (माल्टाची जुनी राजधानी), १८८३ ते १९३१, मीटरगेज. ट्राम १९०५ ते १९२९. दोन्ही बंद पडल्या त्याचं एक मोठं कारण बसच होतं. बसने दोघांना हरवलं आणि शंभर वर्षांनी तीच खासगी गाड्यांच्या गर्दीत अडकली. या बेटाला पुन्हा रुळांवरची वाहतूक मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं. बिर्किर्कारात जुन्या स्टेशनची इमारत बागेत उभी आहे, वालेट्टाहून बसने जाता येतं. ज्यांना आवड आहे त्यांनी चुकवू नये.

सुलभाकाकू

छान माहिती देताय सगळे. माझं वय ६८, गुडघे दुखतात, यांना चालताना काठी लागते. मुलगा म्हणतो टॅक्सीनेच फिरा. बस आम्हाला झेपेल का, खरं सांगा.

वालेट्टाची_सिस्टर

काकू, बसमध्ये चढणं अजिबात अवघड नाही. सगळ्या खालच्या फरशीच्या आहेत, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, पुढच्या जागा ज्येष्ठांसाठी असतात आणि इथली तरुण मुलं उठून जागा देतात. खरा त्रास बसबाहेर आहे. वालेट्टाच्या आडव्या गल्ल्या म्हणजे चढ-उतार आणि दगडी पायऱ्या. मुख्य रिपब्लिक स्ट्रीट बराचसा सपाट आहे, काकांना त्यावरून चालवा. खाली बंदराकडे जायचं असेल तर अप्पर बाराक्का बागेजवळ मोठी लिफ्ट आहे, पायऱ्या उतरू नका. लिफ्टने खाली गेलं की जवळूनच त्रिनगरीची, म्हणजे बंदरापलीकडच्या तीन जुन्या शहरांची, फेरी सुटते. बंदरातून दिसणारे ते किल्ले बसल्याजागी पाहायला मिळतात, तुम्हाला दोघांना हे फार आवडेल.

दुसरं म्हणजे अनेक थांब्यांवर सावली नाही, बाकही नाही. म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला असा की जाताना बसतळावरून बसने जा आणि परतताना पाय बोलायला लागले तर टॅक्सीच्या ॲपवरून टॅक्सी बोलवा. अंतरं लहान असल्याने परवडते.

धनंजय_नाशिक

थोडा वेगळा सूर लावतो. मनवाताईंचं वालेट्टापुरतं सगळं पटलं, पण सगळं बेट बसने पाहावं हा हट्ट धरू नये. दक्षिण-पश्चिमेची बाजू घ्या. २०१ क्रमांकाची बस विमानतळावरून ब्लू ग्रोटो ही समुद्रगुहा, हाजार इमची प्राचीन मंदिरं, डिंगलीचे कडे करत रबातला जाते. मार्ग अप्रतिम, पण तासाला एकच. एक चुकली तर उघड्यावर तासभर. आमच्याबरोबर लहान मूल होतं, तेव्हा त्या दिवसापुरती गाडी घेतली आणि मला ते योग्यच वाटतं. लहान मुलांना बसच्या वेळापत्रकाशी बांधणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मनवा_ठाणे

@धनंजय_नाशिक, लहान मूल बरोबर असेल तर तुमचं म्हणणं रास्त आहे. पण २०१ टाळा असं मी कुणालाच सांगणार नाही, कारण त्या भागातली ती सगळ्यात सुंदर वाट आहे. ती वापरायची एक रीत आहे. २०१च्या भरवशावर सकाळ सुरू करू नका. वालेट्टाहून ७४ क्रमांकाने आधी ब्लू ग्रोटो गाठा. समुद्र शांत असेल तर होडीने गुहा पाहा, सकाळच्या उन्हात पाणी खरंच निळं झळकतं. तिथून हाजार इम चालत जाता येतं, चढ आहे पण रस्ता सोपा. मंदिरांत दीड-दोन तास सहज जातात, सावली आणि स्वच्छतागृह दोन्ही आहे. तिथे बसून ॲपमध्ये २०१ कुठे आहे ते बघायचं आणि ती जवळ आली की थांब्यावर जायचं. डिंगलीला उतरून कड्यावरून, म्हणजे समुद्रापासून अडीचशे मीटर उंचीवरून, सूर्यास्त पाहायचा. परतताना डिंगली गावातून ५२ थेट वालेट्टाला आणते. उघड्यावर ताटकळावं लागतं ते प्रत्येक ठिकाणी २०१चीच वाट पाहिली तर.

असंच सगळीकडे. एका दिवशी एकच दिशा धरायची. इमदिना-रबातसाठी ५१, ५२, ५३ यांपैकी जी समोर असेल ती. मार्साश्लोक या मासेमारीच्या गावासाठी ८१ किंवा ८५. रविवारी तिथे मासळीबाजार भरतो आणि बसही तशीच भरते, तेव्हा लवकर निघा. गोल्डन बेच्या किनाऱ्यासाठी ४४. त्रिनगरीसाठी १, २, ३, पण तिकडे फेरीच जास्त आनंदाची.

रानवाटा

हे अगदी हवं तसं मिळालं, धन्यवाद. गोझोबद्दल कुणी लिहील का? एका दिवसात होतं का?

समुद्रवेडी

गोझो मी लिहिते, मला ते माल्टापेक्षा जास्त आवडतं.

एका दिवसात 'पाहून' होतं, पण माझं ऐकाल तर एक रात्र तिथे राहा. वालेट्टाहून ४१ किंवा ४२ ने चिर्केव्वा म्हणजे सव्वा तास धरा, स्लिमाहून २२२. पुढे मोठी बोट, २५ मिनिटांची. जाताना तिकीट कुणी मागत नाही म्हणून गोंधळू नका. परतताना इमजार बंदरावर एकदाच घेतात, पायी प्रवाशाला ४.६५ युरो. २०२१ पासून वालेट्टाहून थेट वेगवान बोटही आहे, पाऊण तासात पोचवते. वालेट्टात राहणाऱ्यांनी तीच घ्यावी, बसचा सव्वा तास वाचतो. वारा जोरात असला की ती रद्द होते, तेव्हा सकाळी खात्री करून घ्या.

गोझोवरच्या बसचा आराखडा समजला की काम झालं. सगळं व्हिक्टोरिया या तिथल्या मुख्य शहरातून सुटतं आणि व्हिक्टोरियालाच परततं. बंदरावरून ३०१, ३०३ किंवा ३२३ ने व्हिक्टोरिया. तिथून ३०७ शारा गावाला, जिगान्तियाची मंदिरं तिथेच आहेत. साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या त्या दगडांसमोर उभं राहिल्यावर बोलणं सुचत नाही. ३०६ श्लेंदीला, ३१० मार्साल्फोर्नला, ३०२ रामलाच्या तांबूस वाळूवर, ३११ दुएइराला. दुएइराची प्रसिद्ध 'अझुर विंडो' ही दगडी कमान ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली, जुन्या फोटोंवर जाऊ नका. पण तिथला 'आतला समुद्र', म्हणजे कड्यांनी वेढलेलं खाऱ्या पाण्याचं तळं, आणि कडे अजूनही जावेत असेच आहेत.

या बेटावरच्या बसेस बऱ्याच मार्गांवर तासाला एक. एका गावातून दुसऱ्या गावाला थेट जाण्याचा विचार सोडा, दर वेळी व्हिक्टोरियाला परत या. दिवसात तीन ठिकाणं पुष्कळ झाली. व्हिक्टोरियातली गढी बसतळापासून चालत जाण्याजोगी आहे. दोन बसमधला वेळ तिथे घालवा, वरून सगळं बेट दिसतं.

वाचनमात्र_होतो

पहिल्यांदाच लिहितोय. मार्गांच्या नावांवरून होणारा घोळ टाळण्यासाठी दोन गोष्टी. इमजार नावाचं बंदर गोझोवर आहे आणि त्याच नावाचं गाव माल्टावरही आहे. गोझोचे लोक व्हिक्टोरियाला रबातच म्हणतात आणि माल्टावर इमदिनाला लागून दुसरं रबात आहे. तेव्हा ॲपमध्ये शोधताना बेट तपासा, नुसत्या नावावर जाऊ नका.

लिपी रोमन असली तरी उच्चार वेगळे. एक्स हे अक्षर 'श' म्हणून वाचायचं. वर टिंब असलेला सी 'च', टिंब असलेला जी 'ज'. एवढं लक्षात ठेवलं की पडद्यावरचं नाव वाचून सहप्रवाशाला विचारता येतं आणि त्यालाही कळतं. इंग्रजी सगळ्यांना येतं, ती इथली राजभाषाच आहे.

सुलभाकाकू

सिस्टर, तुमचं उत्तर यांना वाचून दाखवलं, आता निघायचंच असं ठरलंय. आम्ही शाकाहारी आहोत. बसतळावर खायला काय मिळेल?

वालेट्टाची_सिस्टर

काकू, बसतळाजवळच्या टपऱ्यांवर पास्तित्सी मिळतात. पापुद्र्यांचा गरम खाजासारखा प्रकार, आत रिकोटा चीज किंवा वाटलेले वाटाणे. स्वस्त आणि पोटभरीच्या. मात्र काही ठिकाणी कणकेच्या थरांत प्राण्यांची चरबी वापरतात, म्हणून घेण्याआधी 'लार्ड आहे का' असं सरळ विचारा, खरं सांगतात. वालेट्टा-स्लिमात भारतीय जेवणाची ठिकाणंही आहेत. पाण्याची बाटली बरोबर असू द्या, पण बसमध्ये खाणं टाळायचं.

आणखी एक, उन्हाळ्यात येणाऱ्यांसाठी. जून ते सप्टेंबर गावोगावी 'फेस्ता' असतात, गावाच्या संताचा उत्सव. दिवे, बँड, शोभेचं दारूकाम, आणि संध्याकाळी मुख्य रस्ते बंद. बसेस तेवढ्यापुरत्या गावाबाहेरून वळवतात आणि नेहमीच्या थांब्यावर येत नाहीत. ॲपमध्ये वळवलेला मार्ग दिसतो. पण तसा उत्सव सापडला तर घाई करू नका, उतरून बघा. दारूकाम पाहण्यासारखं असतं.

धनंजय_नाशिक

हायपोजियमचं कुणी लिहिलं नाही. पाओलातलं जमिनीखालचं हे दफनस्थान वालेट्टाहून १, २, ३ यांपैकी कुठल्याही बसने जवळ आहे, पण एका वेळी फक्त दहा जणांना आत सोडतात. तिकीट काही महिने आधी ऑनलाइन काढलं तरच मिळतं. @रानवाटा, दिवाळीत जाणार असाल तर बसचं कार्ड नंतर, हे तिकीट आधी.

रानवाटा

आत्ताच पाहिलं, आमच्या आठवड्यात एकाच दिवशी तीन जागा शिल्लक होत्या, काढल्या! खोली फ्लोरियानात घेतोय. शेवटचा प्रश्न: परतीचं विमान पहाटे सहाचं आहे. बसवर विसंबावं का?

मनवा_ठाणे

नको. पहाटे तीन-साडेतीनला निघावं लागेल, तेव्हा आदल्या रात्रीच टॅक्सी सांगून ठेवा. फ्लोरियानाहून विमानतळ त्या वेळी पंधरा मिनिटांवर आहे. सात दिवसांचं कार्ड पहिल्या वापरापासून मोजतात, म्हणून पोचल्यावर विमानतळावरच घेऊन एक्स ४ मध्ये पहिल्यांदा टेकवा, म्हणजे सगळे दिवस भरून निघतील. मुलीला ॲप वापरायला द्या, मार्ग तिलाच काढू दे. आल्यावर इथे नक्की लिहा, ७४ आणि २०१च्या वेळा बदलल्या असतील तर वरची माहिती दुरुस्त करते.